तंबू घेऊन भंडारदऱ्याला

मे महिन्यात तंबू गाडीत टाकून निघायचं असेल, तर आमचं मत सरळ आहे: घोटीवरून भंडारदऱ्याची वाट धरा. वाटेत बारी गाव लागतं. त्याच्या डोक्यावर कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. भर उन्हात मात्र ते खालूनच पाहिलेलं बरं.

पुढे शेंडी, आणि प्रवरेवरचं धरण. १९१० साली काम सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं. उन्हाळ्यात पाणी ओसरून काठ उघडा पडतो. तंबूची जागा गावकऱ्यांना विचारूनच निवडावी. धरणाखालच्या नदीपात्रात तर मुक्काम नकोच. शेतीसाठी आवर्तन सुटलं की कोरडं पात्र बघता बघता भरतं.

जलाशयाला वळसा घालून रतनवाडीला जा. तिथलं अमृतेश्वराचं देऊळ शिलाहारकालीन. खांबांवरचं कोरीवकाम घाईत उरकू नका, शेजारची पुष्करणीही पाहा. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं, पिंड दिसत नाही. उन्हाळ्यात दर्शन होतं, हा मोठाच फायदा! मागे रतनगड, प्रवरेचा उगम तिथलाच.

मेअखेरीस, वळवाच्या सरींनंतर, झाडांवर काजवे लखलखू लागतात. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, त्यामुळे वन खात्याचे नियम आधी विचारून घ्या. गाडीचे दिवे, बॅटरी, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. उजेडात काजव्यांच्या नर-मादीला एकमेकांचे इशारे दिसत नाहीत. आणि आपला कचरा आपल्याच गाडीतून परत न्या.