दुसरा स्रोत नसेल तर

(वस्तीतल्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजची बैठक पाण्यावर आहे म्हटल्यावर दोन-चार पोरं म्हणाली, पाण्यावर काय बोलणार? नळाला येतंय की पाणी. येतंय. त्या येणाऱ्या पाण्यावरच बोलायचंय. तोटी बसवली की प्रश्न मिटला, असं समजणारी एक जमात कचेरीत बसलेली आहे आणि तिचा हा समज आता आपल्याही पोरांच्या डोक्यात शिरलाय.

रस्त्यापलीकडच्या कॉलनीला धरणाचं पाणी येतं. आपल्या टाकीत बोअरचं सोडतात. आपला मराठवाड्याचा हा मुलूख काळ्या खडकाचा. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला वायू घेऊन किंचित आंबट होतं आणि खडकातलं, चुनखडीतलं कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. जितके जास्त दिवस खडकात मुरलं तितकं ते सहसा जड. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात. दुष्फेन! हा शब्द काढणाऱ्यानं जन्मात धुणं धुतलं नसेल. पण शब्द खरा आहे. फेस येत नाही.

बायांना हे मी काय शिकवणार? नहाताना केसांच्या जटा होतात, हंड्याच्या बुडाला पांढरा पापुद्रा धरतो, तुरीची डाळ तासभर रटरटली तरी दाणा वेगळा नि पाणी वेगळं. दाण्याला धरून ठेवणारा जो चिकट भाग असतो, त्याला हा कॅल्शियम आणखी घट्ट आवळतो. मग चिमूटभर खायचा सोडा टाकायचा. डाळ शिजते, पण डाळीतलं बी-वन जीवनसत्त्व त्या सोड्यानं मरतं. म्हणजे जळण जास्त, वर पोराच्या ताटातलं सत्त्वही कमी.

साबणाचा हिशोब मांडू. लिटरमागं ६०० मिलिग्रॅम कठीणपणाचं पाणी असेल तर वीस लिटरच्या बादलीत बारा ग्रॅम चुना आला. फेस यायच्या आधी त्या चुन्याचं पोट भरावं लागतं. सगळी बादली साबणाला भिडली तर त्याला सत्तर ग्रॅमच्या वर साबण लागतो. एवढा कुणी एका बादलीला घासत नाही, कबूल. धुण्याची पावडरही थोडी कमी मार खाते. पण वडी आठवडा पुरत नाही म्हणून सासू सुनेवर डाफरते, तेव्हा ती भांडत असते या चुन्याशी. हा कर आहे. त्याची पावती फाटत नाही एवढंच. आणि धरणाचं मऊ पाणी वापरणाऱ्याला तो भरावा लागत नाही.

आता दुसरी बाजू ऐका, कारण इथं आपली फसवणूक चाललीय. जारवाला येतो, हंड्याचा पापुद्रा दाखवतो आणि म्हणतो, मुतखडा होईल, माझा जार घ्या. पापुद्रा विष नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं पाण्याच्या कठीणपणाला आरोग्याच्या कारणासाठी कुठलीच मर्यादा घातलेली नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम शरीराला लागतंच. चुना खिसा कापतो. माणूस मारतं ते वेगळंच आहे, आणि ते डोळ्याला दिसत नाही.

आपली पाइपलाइन गटारातून गेलीय. पाणी दोन दिवसांआड तासभर येतं, बाकीचा वेळ पाइप रिकामा. रिकाम्या पाइपाला भोक असलं की भोवतीचं गटार आत शोषलं जातं आणि पुढच्या पाळीला तेच आपल्या हंड्यात येतं. दिसायला नितळ. तुरटी फिरवून गाळ बसतो, जंतू मरायची खात्री नाही. खळखळून उकळलं तर जंतू मरतात आणि थोडा कठीणपणाही खाली बसतो. पण बोअरमध्ये संडासाचं झिरपत असेल तर नायट्रेट येतं. ते उकळून जात नाही, पाणी आटतं तसं उलट वाढतं. बाटलीचं दूध पिणारं तान्हं लेकरू त्यानं निळं पडतं.

महाडला १९२७ साली आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली, तेव्हा सवर्णांनी ते तळं शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून ‘शुद्ध’ केलं. आज कुठल्याही प्रयोगशाळेला विचारा, शेण ओतल्यानं पाण्याचं काय होतं! पाणी तपासायची त्यांची रीत तीच होती. हात कुणाचा, एवढंच बघायचं.

आता कागद. भारतीय मानक संस्थेचा पिण्याच्या पाण्याचा कागद आहे, आय. एस. १०५००, सन २०१२ चा. त्यात कठीणपणाला दोन आकडे आहेत. २०० पर्यंत चांगलं. आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या. नायट्रेटला मात्र ४५ हा एकच आकडा, सवलत नाही. ई. कोलाय जंतू शंभर मिलिलिटरात एकही चालत नाही. मी कचेरीत गेलो तेव्हा साहेब म्हणाले, तुमचं पाणी सहाशेच्या आत आहे, नियमात बसतं. मी म्हटलं, साहेब, त्याच्या आधीचे शब्द वाचा. दुसरा स्रोत नसेल तर! स्रोत आहे. चाळीस फुटांच्या रस्त्यापलीकडं आहे. साहेबांनी फाइल मिटली.

२०१६ च्या एप्रिलात लातूरचा घसा कोरडा पडला, तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. सुमारे साडेतीनशे किलोमीटर. पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींतून २५ लाख लिटर. आणलं ते बरोबरच केलं. मनात आलं की साडेतीनशे किलोमीटरवर स्रोत सापडतो. मग हा चाळीस फुटांचा रस्ता कुणाला ओलांडवत नाही?

महाडच्या नगरपालिकेनं तळं कागदावर खुलं केलं १९२४ साली. ओंजळ भरायला १९२७ उजाडलं. हायकोर्टाचा निकाल १९३७ ला. म्हणून कागद आपल्या हातात पाहिजे, त्यांच्या कपाटात नको.

तर कामं वाटून घेऊ. माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहिलाय, दहा रुपयांचा स्टॅम्प लावायचा; दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तोही नको. आपल्या टाकीचे आणि कॉलनीच्या टाकीचे वर्षभराचे तपासणी अहवाल मागायचे, दोन्ही शेजारी शेजारी. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तोवर आपणही नमुने भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत नेऊ. क्षारांसाठी स्वच्छ बाटली चालेल, ती त्याच पाण्यानं तीनदा विसळा. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची, ती विसळायची नाही, तोंडाला बोट लावायचं नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. एक नमुना टाकीचा, एक गटाराजवळच्या शेवटच्या तोटीचा, आणि एक कॉलनीतल्या नळाचा. तिथं धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाया इथं बसल्यात. बाटली कोण भरून आणणार, हात वर करा.