टेलिफोनवरचे तोतये



तोतया हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे आणि महाराष्ट्राला त्याचा अनुभवही महाग पडलेला आहे. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी पुष्कळांच्या मनातली शंका फिटेना. त्या शंकेच्या आश्रयाने एक इसम 'मीच भाऊसाहेब' म्हणून उभा राहिला, आणि १७७६ साली कोकणात त्याचे बंड इतके माजले की ते मोडण्यासाठी पुणे दरबाराला फौजा धाडाव्या लागल्या. त्याच वर्षी त्याला देहान्त शासन झाले. त्याचा चेहरा भाऊसाहेबांशी कितपत जुळत होता, हा प्रश्न आमच्या मते गौण आहे. भाऊसाहेब परत यावेत असे लोकांना वाटत होते, हे त्याचे खरे भांडवल. आज आम्ही ज्या तोतयांविषयी बोलणार आहोत ते टेलिफोनवरून येतात, आणि त्यांचेही भांडवल त्यांच्यापाशी नसून ऐकणाऱ्याच्या मनात असते.

अमेरिकेत किंवा इंग्लंडात एखादी वृद्ध बाई घरी एकटी आहे असे समजा. फोन वाजतो. "आम्ही मायक्रोसॉफ्टकडून बोलतो आहोत, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये विषाणू शिरला आहे." बाईंचा विश्वास बसत नाही. तेव्हा तो गृहस्थ अगदी अदबीने त्यांना 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाचे एक दालन उघडायला लावतो. तेथे तांबड्या-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दिसते आणि बाई घाबरतात. वास्तविक ती यंत्राची रोजनिशी आहे. अमुक काम वेळेवर झाले नाही, तमुक पुन्हा करावे लागले, अशा किरकोळ नोंदी धडधाकट कॉम्प्युटरातही शेकड्यांनी सापडतात. पण डॉक्टरने आपलीच नाडी आपल्याला दाखवून 'पाहा, कशी उडते आहे' म्हटले, तर कोण घाबरणार नाही?

पुढची पायरी म्हणजे एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर यांसारखे साधन उतरवून घेणे. ही साधने स्वतः वाईट नव्हेत. दूरच्या माणसाला आपला कॉम्प्युटर चालवू देण्यासाठीच ती केलेली आहेत. येथे मात्र घराची किल्लीच चोराच्या हाती जाते. मग 'दुरुस्ती'चे पैसे घेतले जातात, पुष्कळदा गिफ्ट कार्डांच्या रूपाने. कारण कार्डावरचे आकडे फोनवर वाचून दाखवले की ती रक्कम परत मिळणे जवळजवळ अशक्य होते.

परंतु या विद्येतला सर्वांत कसबी डाव निराळाच आहे. काही महिन्यांनी पुन्हा फोन येतो: "आमची कंपनी बंद होत आहे, तुमचे चारशे डॉलर परत करायचे आहेत." बँकेचे खाते उघडायला लावतात, आणि मग पलीकडचा माणूस एकाएकी किंचाळतो, "अहो, चारशेऐवजी चार हजार गेले! माझी नोकरी जाईल हो!" पडद्यावर खरोखरच तेवढी रक्कम जमा दिसते. ती जमा झालेली नसते. त्याने पडद्यावरचे आकडे बदललेले असतात, नाही तर त्याच बाईंच्या बचत खात्यातले पैसे दुसऱ्या खात्यात सरकवलेले असतात. बाई त्याची कीव येऊन जास्तीचे छत्तीसशे 'परत' पाठवतात. लोभी माणसे फसतात असे आपण सहज म्हणून जातो. या डावात लोभी मनुष्य बचावण्याचा संभव अधिक. प्रामाणिक माणूस बुडतो.

हा धंदा लहानसहान नव्हे. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका सालात अशा 'तांत्रिक मदती'च्या फसवणुकीबद्दल ज्या तक्रारी आल्या, त्यांतील नुकसान ९२ कोटी डॉलरांहून अधिक होते, आणि त्यातले निम्म्याहून अधिक साठीच्या पुढच्या माणसांचे.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या म्हातारीचे दुःख येथे कशाला? तर तो फोन पुष्कळदा आपल्याच देशातून गेलेला असतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ साली अशा सहा टोळ्यांवर कारवाई केली, त्यांतील बहुतेकांचे ठाणे भारतात होते. २०१६ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडला रात्री छापे घातले. तेथे कॉम्प्युटरऐवजी अमेरिकन प्राप्तिकर खात्याचे सोंग होते. 'कर बुडवलात, पोलीस निघाले आहेत' असा धाक घालत. त्या रात्री सुमारे सातशे माणसे ताब्यात घेतली गेली, आणि त्यांत मोठा भरणा तरुणांचा होता. सीबीआयने २०२३ च्या ऑक्टोबरात निरनिराळ्या प्रकरणांत ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या; त्यांतील काही प्रकरणे मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून उभी राहिली होती.

त्या सातशेंची आम्हांस अधिक चिंता वाटते. इंग्रजी बरे बोलता येते, नोकरी मिळत नाही, आणि एक जाहिरात दिसते. घरी सांगायला 'कॉल सेंटर' हा शब्द प्रतिष्ठित आहे. पहिल्या दिवशी हाती छापील संवाद पडतो आणि एक परदेशी नाव मिळते. आपल्या मुलाला अशी नोकरी लागली, तर पगार किती हे विचारण्याआधी 'फोनवर तू स्वतःचे नाव काय सांगतोस?' एवढे आईबापांनी विचारावे. सचोटीची केंद्रेही परदेशी गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी टोपणनाव देतात, हे आम्ही जाणतो; पण कंपनीचेच नाव खोटे सांगावे लागत असेल, तर मुलाला त्याच दिवशी घरी बोलवावे.

आपल्याकडे हाच डाव उलट दिशेने खेळला जातो. येथे पुष्कळदा आपणच फोन करतो. गॅस, कुरियर किंवा बँक यांचा ग्राहक-सेवा क्रमांक आपण गूगलवर शोधतो आणि तेथे तोतयाने आपला क्रमांक पेरून ठेवलेला असतो. आपणहून फोन केला म्हणून संशयही येत नाही. तोही तेच एनीडेस्क उतरवायला सांगतो. या प्रकाराविषयी रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केले होते. म्हणून क्रमांक घ्यायचा तो पासबुकावरून, बिलावरून किंवा कार्डाच्या पाठीवरून. आणि यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच द्यावा लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार, येणार नाहीत.

कॉम्प्युटरवर अचानक भोंगा वाजू लागून पडदाभर इशारा आणि फोन नंबर दिसला, तर तो नंबर फिरवू नये. खऱ्या मायक्रोसॉफ्टच्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. बटण दाबून धरून यंत्र सरळ बंद करावे.

काही मंडळी या तोतयांना मुद्दाम तासतासभर बोलत ठेवतात आणि त्याची चित्रफीत करतात. पाहायला मौज वाटते, हे आम्ही नाकारत नाही. 'जिम ब्राउनिंग' हे टोपणनाव घेतलेल्या एका ब्रिटिश गृहस्थाने तर टोळ्यांच्याच कॉम्प्युटरांत शिरून त्यांना उघडे पाडले. परंतु २०२१ च्या जुलैत यूट्यूबचा अधिकारी बनून आलेल्या एका तोतयाने याच गृहस्थाकडून त्याचे चॅनेल पुसून घेतले. जेथे हा जाणता मनुष्य ठेचकाळला, तेथे आपण हौस म्हणून उतरू नये. फोन खाली ठेवावा. बोलणाऱ्याचे वाक्य अर्धे राहिले तरी चालेल. आपल्या पिढीला हे उद्धटपणाचे वाटते. 'जरा थांबा हं' म्हणण्याची सवय जिभेला लागलेली आहे, आणि तोतयाला नेमका तेवढाच अवसर हवा असतो.

आणि फसलेच कोणी, तर इंटरनेट तोडावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर पळवले जातात. ते वाटेत अडवता येतील की नाही हे पहिल्या काही तासांवर अवलंबून असते. हे तास वाया जातात ते बहुधा लाजेपायी. सासरे सुनेला सांगत नाहीत, आजी नातवाला सांगत नाही. 'एवढे शिकलेले, आणि फसले कसे?' हे ऐकावे लागेल म्हणून रात्र काढतात आणि सकाळी पैसे कोठल्या कोठे गेलेले असतात. घरात कोणी असे सांगायला आले, तर त्यांना आधी १९३० फिरवून द्या. कसे फसलात, ते नंतर सावकाश विचारता येईल.