करार मोडला, हक्काचं काय?
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, त्यावर आमच्या मित्रमंडळींत अजून वाद होतो. कुणी म्हणतं, देश स्वतंत्र झाला. कुणी म्हणतं, व्यापार बुडाला. मी विचारते, बाईच्या मजुरीचं काय?

ब्रिटनने १९७० साली समान वेतनाचा कायदा केला. पण बाईने तसंच काम करणारा पुरुष दाखवायचा, नाहीतर मालकाने कामांचं मूल्यमापन केलेलं हवं. मालक ते कशाला करेल? १९८२ साली युरोपीय न्यायालयाने ब्रिटनला चुकीचं ठरवलं आणि पुढच्या वर्षी 'समान मोलाचं काम' कायद्यात आलं. त्याच आधारावर जहाजबांधणी कारखान्यातली स्वयंपाकीण ज्युली हेवर्ड सुतार-रंगाऱ्याइतक्या पगारासाठी लढली. १९८८ साली ती जिंकली.

२०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. जानेवारी २०२० मध्ये ब्रिटन बाहेर पडला. युरोपीय कायद्याच्या आधाराने मिळालेली समान वेतनाची काही संरक्षणं २०२३ अखेर गळून पडली असती. ती देशाच्या समानता कायद्यात नव्याने लिहावी लागली, म्हणून टिकली.

मी वस्तीत काम करते. पोळ्या लाटणाऱ्या बाया विचारतात, "ताई, आमचं काम हलकं कसं?" आपल्या २०१९ च्या वेतन संहितेतही शब्द आहेत, तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम. 'समान मोल' नाहीच.

करार होतात, मोडतात. हक्क आपल्याच कायद्यात लिहून घेऊ या, आणि तो राखायला संघटित राहू या.