प्लगसमोर उभं राहू नये



काल इथं संतसाहित्यावर व्याख्यान झालं, उद्या गझल आहे. मध्येच हा पाइपवाला कुठून आला, असं काहींना वाटलं असेल. पण आपल्या गावात घरटी कुणी ना कुणी एमआयडीसीत जातं. त्यात फिटर, वेल्डर, हेल्पर पुष्कळ. म्हणून आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी पाइपलाइनचं टेस्टिंगच सांगितलं.

लाइन वेल्ड झाली की दोन्ही टोकं बंद करून आत दाब चढवतात. टोकाला फ्लँज असेल तर ब्लाइंड बसतो, उघडं टोक असेल तर टेस्ट प्लग. वस्तू दिसायला किरकोळ. दोन लोखंडी चकत्या, मध्ये रबराचं जाड कडं, आरपार बोल्ट. नट आवळला की चकत्या जवळ येतात आणि रबर फुगून पाइपला आतून चिकटतं. मोठ्या ड्रेनेज लाइनीला हवेनं फुगवायचा रबरी प्लग घालतात. जास्त दाबासाठी पोलादी दात असलेले प्लगही मिळतात. पण साध्या प्लगला जागेवर धरून ठेवतं ते रबराचं घर्षण, दुसरं काही नाही. आत तेलाचा हात फिरलेला असेल, गंजाचा पापुद्रा असेल, तर ते घर्षणही गेलं. म्हणून आधी फडकं मारून पाइप आतून लख्ख पुसायचा, रबराला चिरा पडल्यात का ते बोट फिरवून बघायचं. मापही बघायचं. सहा इंची पाइपचा बाहेरचा व्यास ठरलेला, 168 मिलिमीटर; आतला मात्र भिंतीच्या जाडीप्रमाणे, म्हणजे शेड्यूलप्रमाणे बदलतो: शेड्यूल 40 ला 154 आणि शेड्यूल 80 ला 146. ‘सहा इंचीचा प्लग दे’ एवढ्यावर स्टोअरमधून जे हातात येईल ते ठोकून बसवणारे महाभाग मी पाहिलेत.

साइटवर दाब केजीत मोजतात. ‘किती मारलंय?’ ‘एकच केजी.’ आणि तो ‘एकच’ म्हणणारा प्लगसमोर उकिडवा बसून गळती बघत असतो! एक केजी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. सहाशे मिलिमीटरच्या पाइपचं तोंड भरतं 2,827 चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्लगला मागून पावणेतीन टनांहून जास्त रेटा. ड्रेनेज लाइनीत अडीच मीटर उंच पाणी उभं केलं तर दाब जेमतेम पाव केजी. गेजचा काटा हलल्यासारखाही वाटत नाही, पण त्याच प्लगवर सातशे किलो आलेले असतात, आणि मॅनहोलमध्ये उतरलेल्या माणसाला मागं सरकायला जागा नसते. प्लगला लाकडी ओंडक्यांचा टेका देऊन तो रेटा मॅनहोलच्या समोरच्या भिंतीवर न्यावा लागतो. दाब असेपर्यंत खाली कुणी नाही, गेज आणि फुगवायचा व्हॉल्व्ह लांब होजवर, वर, बाजूला.

आता पाणी की हवा? एक हजार लिटर पाण्यावर दहा केजी दाब दिला तर ते अर्ध्या लिटरनंही आकसत नाही. प्लग सुटला तर थोडं पाणी उडतं आणि दाब पडतो. तेवढ्याच जागेत दहा केजी हवा भरायची तर बाहेरची सुमारे दहा हजार लिटर हवा आत कोंबावी लागते, आणि सुटली की ती सगळी एकदम बाहेर येते. साठलेली ऊर्जा पाण्याच्या काही हजार पट. हायड्रो टेस्टमध्येही वरच्या टोकाचा व्हेंट उघडून हवा पूर्ण काढायची ती यासाठीच. 2009 मध्ये शांघायच्या एलएनजी टर्मिनलवर हवेनं टेस्ट घेताना लाइन फुटली आणि माणूस दगावला.

हवा वापरावी लागतेच कधी कधी. लाइनीत ओल चालत नाही, किंवा सपोर्ट पाण्याचं वजन पेलत नाहीत. पण टँकरचे पैसे वाचावेत म्हणून कॉम्प्रेसर लावणं हा निव्वळ कद्रूपणा झाला. एएसएमई बी 31.3 ही पाइपिंगची संहिता पाण्याच्या टेस्टला डिझाइन दाबाच्या दीडपट मागते, हवेला किमान 1.1 पटीवर भागवते. हवेसाठी रिलीफ व्हॉल्व्ह सक्तीचा. शिवाय आधी टेस्टच्या दाबाच्या निम्म्यावर किंवा 25 पीएसआयवर, जे कमी असेल तिथं, थांबून सांधे तपासायचे, पुढं टप्प्याटप्प्यानं.

प्लग काढतानाचा धोका वेगळाच. 25 फेब्रुवारी 2022 रोजी त्रिनिदादमध्ये, पारिया फ्युएल ट्रेडिंग कंपनीच्या समुद्राखालच्या तीस इंची तेलवाहिनीवर पाच पाणबुडे काम करत होते. पाइपच्या तोंडाभोवती दाबाच्या हवेची कोरडी खोली केलेली, पाइपात फुगवलेला प्लग. आधीच्या कामात लाइनीतलं तेल काढल्यानं आत पोकळी राहिली होती. प्लग काढताच बाहेरच्या दाबानं पाचही जण पाइपात ओढले गेले. एकच जण काही तासांनी सरपटत बाहेर आला. चौघं आतच गेले. चौकशी आयोगानं बोट ठेवलं ते याच दाबाच्या फरकावर, जो काम आखताना कुणी हिशेबात धरला नव्हता.

आपल्याकडची चूक साधी असते. लाइनीचा दाब शून्यावर न आणताच फुगवलेल्या प्लगची हवा सोडतात. आधी लाइन रिकामी, व्हेंट उघडा, गेज शून्य. गेज अडकलाय का म्हणून ड्रेनही उघडून बघायचा. मग प्लग.

फिटरला हे ठाऊक नसतं असं नाही. पण टेंडरात टेस्टिंगचा वेगळा आयटमच नसतो. पाइप टाकणे, जोडणे, ‘टेस्टिंगसह’, मीटरमागं दर. ठेकेदाराला त्या दिवसाचा एक पैसा सुटा मिळत नाही, म्हणून टेस्ट उरकली जाते शेवटच्या संध्याकाळी, अंधार पडता पडता. माझी मागणी एवढीच, की टेस्टिंगचा दर वेगळा लिहा: पाणी, टेके, रिलीफ व्हॉल्व्ह, कॅलिब्रेट केलेले दोन गेज आणि दोरी बांधून जागा मोकळी ठेवणारा एक माणूस. समोर बसलेल्यांत टेंडर काढणारे काही जण आहेत, मला ते इथून दिसताहेत. त्यांच्या प्रश्नांसाठी मी थांबतो.