जव्हार-मोखाड्याचे ताट



व्याख्यानमालेत इतिहास, राजकारण, तत्त्वज्ञान यांच्या पंक्तीला भाकरी-भाजीला आणून बसवावे, हे काही श्रोत्यांना थोडे हलके वाटेल. परंतु माणूस परगावी गेला, की देवदर्शनाच्या आधी नाही तर देवदर्शनानंतर लगेच, ‘येथे खायला चांगले काय मिळते?’ असा प्रश्न विचारतोच. आज आम्ही हाच प्रश्न जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांपुरता घेणार आहोत. प्रश्न जिभेचा असला तरी त्याचे उत्तर जिभेपाशी संपत नाही, एवढे आरंभीच सांगून ठेवतो.

हे दोन्ही तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आले. जव्हार ही मुकणे घराण्याची राजधानी. हे संस्थान १९४८ साली विलीन झाले. सुरतेच्या १६६४ च्या स्वारीच्या वाटेवर शिवछत्रपतींचा येथे मुक्काम झाला, म्हणून शिरपामाळ पाहावयास लोक जातात. राजवाडा पाहतात, दाभोशाचा धबधबा पाहतात, आणि दुपारी भूक लागली म्हणजे बाजारपेठेत येतात. तेथे मिसळ मिळते, वडापाव मिळतो, राइसप्लेट मिळते. पाहुणा जेवतो आणि घरी येऊन सांगतो, ‘हवा छान आहे, पण खाण्याचे विशेष काही नाही.’

हा निकाल घाईचा आहे. शहरात चांगले खाणे शोधण्याचे आपले काही ठोकताळे असतात. जेथे गर्दी तेथे जावे. रिक्षावाले, हमाल जेथे जेवतात तेथे बसावे. कोल्हापुरात किंवा नागपुरात हे ठोकताळे लागू पडतात, कारण तेथे गावची चव दुकानात येऊन बसलेली असते. दुकान कोठे निघते? जेथे घरापासून दूर राहणारा माणूस असतो आणि त्याच्या खिशात जेवणापुरते पैसे असतात, तेथे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा समाजांची वस्ती. प्रत्येकाचे जेवण आपापल्या चुलीवर. चुलीला पाटी नसते. म्हणून येथे पाटी शोधण्यापेक्षा ऋतू विचारावा, बाजार पाहावा आणि मग घर गाठावे.

प्रथम ऋतू. मृगाचा पहिला पाऊस पडला, की जमिनीतून शेवळे वर येतात. दिसावयास मोठे डौलदार. पण तसेच शिजवून खाल्ले तर घसा असा खाजेल, की पुन्हा नाव काढणार नाही. म्हणून त्यांच्याबरोबर काकड नावाचे आंबट फळ घालावयाचे. ते नसेल तर चिंच. त्याच सुमारास कोवळा टाकळा येतो, पाठोपाठ कुरडू, भारंगी, कंटोळी येतात. बांबूचे कोवळे कोंब येतात. ते बारीक चिरून, उकळून, पाणी टाकून मग भाजी करतात. कडूकंदाचे काम तर याहून चिकाटीचे. तो उकडावा, त्याच्या चकत्या कराव्या आणि वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा काढावा, तेव्हा कोठे तो खाण्याजोगा होतो. कोणत्या झाडाचे काय खावे, कितव्या दिवसापर्यंत खावे आणि कशाने त्याचा दोष जातो, हे एक शास्त्रच आहे. ते पुस्तकात नाही. आजीकडून नातीकडे येते.

पावसाळा सरला, की धान्याची पाळी. भात खाचरात होतो. पण डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीचे धान्य म्हणजे नागली आणि वरई, आणि त्यांच्या जोडीला उडीद व खुरासणी. दिवाळीच्या आगेमागे नवी नागली घरात आली, की तिच्या भाकरीला जो गोडवा असतो तो पुढे राहत नाही. कढत पाण्यात पीठ मळून हातावर थापलेली ती काळसर भाकरी, सोबत उडदाची आमटी, आणि खुरासणी भाजून मिरची-लसणाबरोबर वाटलेली चटणी. एवढे ताट पुढे आले, की जव्हारचे उत्तम जेवण आपल्याला मिळाले असे समजावे. उन्हाळ्यात याच नागलीची आंबील होते.  वैशाखात कोणी तिकडे गेला तर आंबील, करवंदे, रायवळ आंबे, आणि कोणी आपुलकीने दाखविली तर वाळवून ठेवलेली मोहाची फुले, एवढे त्याला भेटेल. शेवळे मागितले तर मिळणार नाहीत, आणि मिळत नाहीत हेच ठीक आहे.

आता बाजार. आठवड्याच्या बाजाराला पाड्यापाड्यांतून बाया येतात. पुढ्यात पानावर चार जुड्या, दोन वाटे, बस्स. जी भाजी आपण ओळखत नाही तिच्यापाशी थांबावे आणि विचारावे, ‘मावशी, ही कशी करायची?’ पाककृती तर मिळतेच, वर दोन शब्द आपुलकीचेही मिळतात. मात्र एक विनंती. त्या जुडीवरून घासाघीस करू नये. भाजी फुकट उगवली हे खरे. परंतु पहाटे रानात जाणे, ओळखून खुडणे, निवडणे आणि डोक्यावर घेऊन बाजार गाठणे, हे फुकट झालेले नाही.

शेवटी घर. काही ठिकाणी बचत गटाच्या स्त्रिया आणि काही कुटुंबे आधी सांगून ठेवल्यास जेवण करून देतात. अलीकडे पावसाळ्यात कृषी खात्याकडून रानभाजी महोत्सवही भरतात. परंतु घरी जेवण सांगताना एक गोष्ट घडते, ती आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. पाहुणा शहरचा दिसला, की यजमानीण म्हणते, ‘तुमच्यासाठी भात करते, बटाट्याची भाजी करते.’ नागलीची भाकरी आतच राहते. का? तर पाहुण्यापुढे ती ठेवावयाची लाज वाटते. नागली-वरई खाणारा तो गरीब आणि पांढरा भात खाणारा तो सुखवस्तू, हे आपण शहरकरांनीच वर्षानुवर्षे शिकविले. आज तेच आपण २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे करून मोकळे झालो, आणि नागलीची बिस्किटे सुंदर वेष्टनात विकत घेऊ लागलो! नागलीत दर १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात त्याचा तिसावा हिस्साही नसतो. म्हणून पाहुण्याने स्पष्ट म्हणावे, ‘तुम्ही जे जेवता तेच आम्हांला वाढा.’ या एका वाक्याने जेवण सुधारते आणि त्या घराचा मानही राहतो.

येथपर्यंत सारे गोड झाले. आता जे सांगावयाचे ते तितके गोड नाही. पण ते टाळले तर आमचे बोलणे अर्धवट राहील.

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. २०१६ साली मोखाड्यातील बालमृत्यूंनी पुन्हा तोच प्रश्न उभा केला. एवढ्या रानभाज्या, एवढी गुणाची नागली, आणि तेथेच उपासमार, हे कसे? उत्तर पंचांगात आहे. डोंगरउतारावरचे धान्य वर्षभर पुरत नाही. दिवाळीनंतर घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जून ते सप्टेंबर हे महिने कणगी रिकामी होण्याचे. आणि रानभाज्या मुबलक असतात त्या नेमक्या याच महिन्यांत. आपण ज्याला पावसाळ्याची मेजवानी म्हणतो, ते पुष्कळ घरांत धान्य संपल्यावरचे आधाराचे अन्न आहे. कडूकंद वाहत्या पाण्यात ठेवण्याची युक्ती कोणा हौशी सुगरणीला सुचलेली नाही. ती भुकेने शिकविली आहे. आणि पाल्याने जीवनसत्त्व मिळाले तरी लेकराचे पोट भरावयास धान्य, डाळ आणि तेल लागतेच.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. उत्तर इटलीत गरीब शेतकरी मक्याच्या पिठाच्या पोलेंटावर जगत. नुसते तेच खाल्ल्याने त्यांना पेलाग्रा नावाचा रोग होई. आज तोच पोलेंटा मोठ्या हॉटेलांत चवीने खाल्ला जातो. गरिबाचे अन्न श्रीमंताच्या ताटात गेले म्हणून गरिबी गेली असे होत नाही. आणि त्या अन्नाला चव नव्हती असेही नाही. दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवावयाच्या आहेत.

मग आपण तेथे जाऊन खावे की न खावे? आमचे मत असे, की अवश्य खावे. पण पाहुण्यासारखे खावे. आधी सांगावे, म्हणजे घरातल्यांच्या वाट्याचे आपल्या ताटात येणार नाही. सांगितलेली किंमत द्यावी. येताना चार किलो नागली, दोन किलो उडीद शेतकऱ्याकडून विकत आणावे. वरकस जमिनीतले हे पीक मागणी असेल तरच टिकेल, आणि ते टिकले तर थोडे त्या घरातल्या मुलांच्या वाटीतही राहील. आपल्या खरेदीने कुपोषण हटणार नाही. त्यासाठी रोजगार, अंगणवाडी, दवाखाना आणि शिधा यांची व्यवस्था नीट चालली पाहिजे, आणि ती मागण्याचे काम आपणां नागरिकांचेही आहे. परंतु ज्याच्या घरचे अन्न आपण मानाने खाल्ले, त्याच्या उपासाची बातमी आपण वर्तमानपत्रात सहज उलटून टाकू शकत नाही.

तेव्हा पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याला जाणाऱ्यांनी ‘येथे चांगले काय मिळते?’ हे जरूर विचारावे, आणि त्याबरोबरच ‘हे तुम्हांला वर्षातले किती महिने मिळते?’ हेही विचारावे.