शिंक : शकुन आणि शास्त्र

घराबाहेर पाऊल टाकतांना कोणी शिंकलें, कीं वऱ्हाडांतला जुना माणूस क्षणभर ओट्यावर टेकतो आणि घोटभर पाणी पिऊन मगच निघतो. काम फिसकटलें तर ‘माशी शिंकली’ असें म्हणण्याची रूढिच आहे. शिंकेला असा मान पूर्वापार मिळाला. परंतु ती कां येते, याचा विचार मात्र क्वचित् होतो.

नाकाच्या आंतील ओलसर त्वचेंत ज्ञानतंतूंचीं टोंकें पसरलेलीं असतात. धूळ किंवा मिरचीचा खकाणा त्यांस झोंबला, कीं वर्दी मेंदूच्या बुडाशीं पोहोंचते. छाती श्वासानें भरते आणि कोंडलेली हवा नाकातोंडावाटें वेगानें बाहेर फेंकली जाते. शिंक हा देहाच्या देवडीवरील पहारेकऱ्याचा हुंकार होय.

हा पहारेकरी कधीं कधीं निरुपद्रवी पाहुण्यासही चोर समजतो. व्हिएन्नाचे डॉक्टर पिर्के यांनीं १९०६ सालीं देहाच्या अशा बदललेल्या प्रतिक्रियेस ‘ॲलर्जी’ हें नांव दिलें. परागाचा कण शिरतांच नाकांतील पेशी हिस्टामिन नांवाचें द्रव्य सोडतात. मग नाक वाहतें, डोळे खाजतात, शिंकांची माळ लागते. १९५५ च्या सुमारास पुण्यास नजरेस आलेलें गाजरगवत आज बुलढाणा जिल्ह्यांतही बांधाबांधावर फुलतें, आणि त्याच्या परागानें हाच त्रास होतो. खामगांवच्या जिनिंगमध्यें उडणारी कापसाची धूळही नाकास अशीच झोंबते. या शिंकांत ताप नसतो, आणि त्या दुसऱ्यास लागत नाहींत. अशा माणसास रोगी समजून पंगतीबाहेर बसविणें हा निव्वळ अन्याय होय.

सर्दी व इन्फ्लुएंझा यांची गोष्ट निराळी. त्यांत घसा दुखतो, अंग मोडून येतें, पुष्कळदां ताप भरतो. आणि प्रत्येक शिंकेबरोबर विषाणूंनीं भरलेले हजारों तुषार उडतात. मोठे थेंब जवळच खालीं पडतात. अतिसूक्ष्म कण मात्र बंद खोलींत बराच वेळ तरंगतात. १९१८ सालीं इन्फ्लुएंझानें मध्यप्रांत व वऱ्हाडांत घरेंच्या घरें ओस पाडलीं. बुलढाणा जिल्हा तेव्हां त्याच प्रांतांत होता. पुढें २०२० च्या मार्चांत कोरोनाच्या साथीमुळें शेगांवच्या श्रीगजाननमहाराजांच्या मंदिराचीं दारें दर्शनास बंद झालीं. जेथें भक्तांची रीघ कधीं तुटत नसे, तेथें सामसूम पसरली. डोळ्यांस न दिसणाऱ्या तुषारांचें सामर्थ्य याहून अधिक तें काय सांगावें?

तरीही शिंक दाबून धरणें हा उपाय नव्हे. आयुर्वेदानेंही तिची गणना अडवूं नये अशा वेगांत केली आहे. शिंक येऊं द्यावी. मात्र तिच्या वाटेंत रुमाल, उपरण्याचा शेव किंवा पदर धरावा, कांहींच नसेल तर कोपराचा बांक धरावा, आणि मागाहून हात साबणानें धुवावे. ताप असेल त्यानें बाजार व भजनाची बैठक चार दिवस टाळावी; घरच्यांनीं खिडक्या उघड्या ठेवाव्या.

निघतांना शिंक ऐकून थांबणारा वृद्ध सर्वस्वीं चुकतो असें नाहीं. थांबावें हें खरें. परंतु शिंकणाऱ्यास ताप आहे काय, एवढें विचारण्यापुरतें.