अतिचंचल बालक आणि घरातली सारी माणसे



कांजूरमार्गसारख्या, जलद गाडी न थांबणाऱ्या स्थानकावरून सकाळच्या धिम्या गाडीने आईबाप कामावर निघून गेल्यानंतर घरात आजीच्या हवाली जे चार-साडेचार वर्षांचे मूल राहते, त्याच्याविषयी जिन्यावर, नळावर आणि बालवाडीच्या दारात वांड, द्वाड, मस्तीखोर अशी जी विशेषणे ऐकू येतात, ती बहुधा निरुपद्रवीच असतात. कारण त्या वयाचे मूल स्वभावतःच चंचल असते, आणि ते तसे नसते तर आपणच त्याला डॉक्टरांकडे नेले असते. परंतु या गर्दीतच काही मुले अशी असतात की ज्यांची चंचलता वयाच्या मानाने फार अधिक, घरी आणि बालवाडीत दोन्हीकडे सारखीच, आणि सहा-सहा महिने लोटले तरी न ओसरणारी असते. त्यांचा हात रस्त्यात क्षणभर सुटला तर ती थेट वाहनांपुढे धावतात, आणि गोष्ट ऐकायला बसली तर तिच्या दुसऱ्या वाक्याला उठतात. अवधानाची न्यूनता आणि अतिचंचलता यांचा हा विकार आता एडीएचडी या नावाने सर्वत्र ओळखला जातो. त्याचे निदान अर्थातच शेजाऱ्यांनी करावयाचे नसून तज्ज्ञांनी करावयाचे असते.

हा विकार आजकालच्या मोबाइलने जन्माला घातला, अशी एक समजूत आहे. जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे अशा मुलांची वर्णने १९०२ मध्येच मांडली होती, हे सांगितले म्हणजे त्या समजुतीचा निकाल लागतो. याचे मूळ बव्हंशी आनुवंशिकतेत आणि मेंदूच्या जडणघडणीत आहे. तेव्हा 'याचा बापही लहानपणी असाच होता' ही आजीची साक्ष, जी आपण हसण्यावारी नेतो, ती शास्त्राच्या दृष्टीने मोलाची आहे.

आता प्रश्न उपचारांचा. दोष जर मेंदूच्या घडणीत, तर औषध मुलाला द्यावे आणि मोकळे व्हावे, असे कोणासही वाटेल. परंतु शाळेच्या वयाच्या मुलांना जे औषध चांगले लागू पडते, तेच सहा वर्षांखालील मुलांना तितके लागू पडत नाही, त्यांची भूक आणि वाढ यांवर त्याचा परिणाम होतो, असे दिसून आल्यामुळे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०११ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी पहिला उपचार म्हणून पालकांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली, आणि २०१९ मध्ये ती कायम ठेवली. म्हणजे रोगी मूल, आणि बैठकीला जावयाचे पालकांनी! 'चूक आमची, असे तुमचे म्हणणे का?' असा संतप्त प्रश्न येथे विचारला जातो, आणि तो स्वाभाविक आहे. उत्तर असे की, चूक कोणाचीच नाही. परंतु ज्या मुलाला उद्याचे बक्षीस दिसत नाही आणि कालची शिक्षा आठवत नाही, त्याला सर्वसाधारण मुलाहून अधिक कौशल्याने वाढवावे लागते, आणि ते कौशल्य कोणी आईच्या पोटातून शिकून येत नाही.

या प्रशिक्षणाचा पाया अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जेरल्ड पॅटरसन यांनी घातला. घरोघरी निरीक्षक पाठवून आईबाप आणि मूल यांच्यातील देवघेव क्षणाक्षणाने टिपून घेण्याचा त्यांचा परिपाठ होता, आणि त्यातून त्यांना जे सापडले ते आपल्या स्टेशन रोडवरही रोज पाहावयास मिळते. दुकानाच्या दाराशी लटकणारी वेफर्सची पाकिटे पाहून मूल रस्त्यात अंग टाकते. आई नाही म्हणते. रडण्याचा सूर चढतो, येणारे-जाणारे थबकतात, आणि अखेर पाकीट हातात पडताच रडे बंद होते. रडण्याचे फळ मुलाला मिळाले, हे कोणालाही दिसते. पॅटरसन यांचे म्हणणे असे की, नमते घेण्याचे फळ आईलाही मिळाले, ते म्हणजे शांतता. म्हणून पुढल्या खेपेस ती अधिक लवकर नमते आणि मूल अधिक जोराने रडते. संध्याकाळी बाप येतो आणि धपाटा घालतो, मूल क्षणभर गप्प होते, आणि त्या क्षणाने बापाला धपाट्याची सवय लागते. कोणी कोणाला मुद्दाम बिघडवीत नाही, तरी सारे मिळून एकमेकांना जेरीस आणण्याचे शिक्षण देत राहतात.

हे चक्र मोडण्यासाठी पालकांना जे शिकवितात ते ऐकताना फार साधे वाटते. रोज दहा-पंधरा मिनिटे मुलाच्या मर्जीने खेळावे, त्यात प्रश्न नाहीत, सुधारणा नाही, मोबाइल तर नाहीच. 'शहाणा बाळ' असे मोघम न म्हणता 'चप्पल जागेवर ठेवलीस, छान केलेस' असे, आणि त्याच क्षणी, म्हणावे. हुकूम स्वयंपाकघरातून ओरडून न सोडता जवळ जाऊन, नाव घेऊन, एका वेळी एकच द्यावा. आणि जो पाळून घेण्याची आपली तयारी नाही तो देऊच नये. किरकोळ हट्टाकडे दुर्लक्ष करावे. खरी परीक्षा येथे असते. कारण दुर्लक्ष सुरू केले की पहिले काही दिवस रडे कमी न होता वाढते, आणि नेमक्या त्या वाढलेल्या रडण्यापुढे घरातील एकजण जरी विरघळला, तरी मूल एवढेच शिकते की पूर्वीपेक्षा अधिक रडावे लागते.

माझे म्हणणे येथेच आहे. आपल्याकडे हे प्रशिक्षण एकट्या आईला दिले जाते, आणि दहा बाय पंधराच्या खोलीत मात्र आजी, आजोबा, काका आणि भिंतीपलीकडचे शेजारी अशा सर्वांचा अंमल चालतो. आईने दुर्लक्ष करावे, आजीने कनवाळूपणे लाडू द्यावा, आजोबांनी दटावावे, आणि रात्री बापाने आईलाच जाब विचारावा, अशा घरात जगातील उत्तम प्रशिक्षणही टिकणार नाही. परदेशी पुस्तकांत, अनावर झालेल्या मुलाला त्याच्या वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मिनिट या हिशोबाने वेगळ्या जागी एकटे बसवावे, असे लिहिलेले असते. ज्या घरात वेगळी जागाच नाही तेथे तितकी मिनिटे सर्व मोठ्या माणसांनी मिळून लक्ष काढून घेणे हाच त्याचा देशी पर्याय, आणि तो एकमत असल्याखेरीज साधत नाही.

या उपायाची फाजील भलावणही मला करावयाची नाही. एडमंड सोनुगा-बार्क हे संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये अनेक प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हा असे आढळले की प्रशिक्षण घेतलेल्या पालकांना मुलाची चंचलता बरीच कमी झालेली दिसते, परंतु त्रयस्थ निरीक्षकाला तितकी दिसत नाही. मग मिळते काय? हट्ट आणि आडदांडपणा कमी होतो, आणि आईबापांची वागणूक खरोखर बदलते, हे त्रयस्थालाही दिसते. ज्या घरात रोज संध्याकाळी रडारड आणि मारझोड होते, त्या घराला ही प्राप्ती लहान वाटणार नाही.

मुंबईला हा विचार अगदीच परका नाही. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघालेल्या समाजकार्याच्या संस्थेने १९३७ मध्येच येथे बालमार्गदर्शन केंद्र उघडले होते. परंतु अशा उपचारासाठी कांजूरहून शीव किंवा परळच्या रुग्णालयात दर आठवड्याला जाणे म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे. बालशिक्षणाचे कार्य करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीला शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तशी ही पालकांच्या प्रशिक्षणाची बैठकही वस्तीतील अंगणवाडीत, रविवारी, भरली पाहिजे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत या विकाराचा समावेश आहे, आणि त्याच्या पथकाने अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा तपासावयाची असतात.

तेव्हा ते पथक येईल त्या दिवशी अंगणवाडीताईंकडे मुलाची हकीकत संकोच न करता सांगावी; पालकांना बोलावणे आले, तर वडिलांनी त्या दिवशी रजा टाकावी, आणि जाताना आजीलाही बरोबर न्यावे.